कोणत्या पाण्याला कोणता वेटसूट: वर्षभराच्या नोंदी

९ मार्च

परवाच्या पोहण्यामुळे ही वही सुरू करतोय. पाणी १२.६ अंश होतं, बहिणीच्या अंगावर नवा कोरा ५/४ आणि माझ्या अंगावर तीन वर्षं वापरून मऊ झालेला ३/२, म्हणजे हिशोबाने काकडायला मी पाहिजे होतो. (वेटसूट म्हणजे थंड पाण्यात घालायचा फोम रबराचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख. पहिला आकडा धडावरची जाडी मिलिमीटरमध्ये, दुसरा हातापायावरची, तीन आकडे असतील तर धड, पाय, हात असा क्रम.) झालं उलटंच, अठराव्या मिनिटाला ती म्हणाली दादा माझे हात चालत नाहीयेत, आणि काठावर येईपर्यंत तिचे दात इतके वाजत होते की तिला स्वतःचं नाव नीट सांगता येईना. मी तेव्हा गारठलो होतो पण ठीक होतो, अजून दहा मिनिटं सहज राहिलो असतो.

सगळ्यांचं म्हणणं की तिची तब्येतच बारीक आहे, तिला ६/५ घ्या. मला ते पटत नाहीये. बारीक माणसाला थंडी लवकर वाजते हे खरं, पण दोन मिलिमीटर जास्त रबर घालूनही माझ्यापेक्षा इतका कमी वेळ? कुठेतरी दुसरंच काहीतरी चुकतंय आणि ते कळल्याशिवाय तिला पुन्हा थंड पाण्यात उतरवायचं नाही असं मी ठरवलंय.

हाताशी पाच सूट आहेत. तिचा ५/४ पाठीवर झिपवाला, माझा ३/२, एक जुना २ मिलिमीटरचा शॉर्टी म्हणजे अर्ध्या हातापायाचा, मित्राकडून आणलेला छातीवर झिपवाला ४/३, आणि आमच्या ग्रुपमधल्या काकांचा ७ मिलिमीटरचा डायव्हिंगचा. दोन वॉटरप्रूफ थर्मामीटर आहेत, वायरीच्या टोकाला सेन्सर असलेले, एक पाण्यात सोडायचा आणि दुसरा सूटच्या आत कमरेपाशी चिकटवायचा.

१२ मार्च

पाण्यात गेलो नाही, वाचन केलं. बेसिक गोष्ट अशी की पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून २० अंशाच्या हवेत आपण टीशर्टवर फिरतो आणि २० अंशाच्या पाण्यात तासाभरात हुडहुडी भरते. नुसतं उघडं, न हलता पाण्यात पडून राहायचं आणि थंडीही नको असेल तर पाणी ३३ ते ३५ अंश लागतं, म्हणजे जवळजवळ कुठलंच नैसर्गिक पाणी तेवढं नसतं.

निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँटच्या लॅबमध्ये १९३० मध्ये बनलं, पण त्याचा वेटसूट व्हायला अजून वीस वर्षं लागली. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास हे शोधून काढलं की पाणबुड्याला कोरडं ठेवायची गरजच नाही, थोडं पाणी आत आलं तरी चालेल, कारण ऊब धरून ठेवतात ते फोम रबरातले वायूचे बंद बुडबुडे. मी आजवर उलटं समजत होतो, की आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं. आत आलेलं पाणी तापवायला आपलीच उष्णता खर्च होते, त्याचा फायदा काहीच नाही, फक्त ते एकदा तापलं की तिथेच थांबलं पाहिजे. बाहेर जाऊन नवीन आलं की पुन्हा पहिल्यापासून तापवा. हे वाचल्यावर बहिणीच्या सूटबद्दल पहिला संशय आला.

१६ मार्च

पाण्याचं तापमान मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही. काठावर गुडघाभर पाण्यात ऊन असताना १४.८ दाखवलं, तिथून पन्नास मीटर आत एक मीटर खाली १२.५. म्हणजे काठावर मोजून सूट ठरवला तर दोन अंशांची फसगत, आणि दोन अंशांत सूटची जाडी बदलू शकते. यापुढे नोंद नेहमी एक मीटर खालची, सेन्सर निदान तीन मिनिटं पाण्यात राहिल्यावरची.

काकांनी सांगितलं की उन्हाळ्यात खोल साचलेल्या पाण्यात वरचा थर कोमट आणि काही मीटर खाली एकदम गार असा पडदा असतो, हात खाली घातला की कळतो. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. वर पोहणाऱ्याला एक सूट लागेल आणि बुडी मारणाऱ्याला त्याच दिवशी त्याच जागी दुसरा.

२३ मार्च (पाणी १२.४)

आज उत्तर मिळालं असं वाटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जमिनीवर तपासलं. बहिणीला तिचा ५/४ घालायला लावला, सरळ उभं केलं आणि कमरेच्या वरच्या खोलगट भागात, जिथे पाठीचा कणा आत जातो, तिथे चिमटीत धरलं तर चांगला तीन बोटं रबर हातात आलं. बगलेत पण तसंच. मान वळवली की कॉलर आणि गळा यांच्यात माझी दोन बोटं आरामात जात होती. तिने साईज घेतलाय उंचीवरून, पण त्या उंचीला कंपनीने धरलेलं वजन तिच्यापेक्षा सात-आठ किलो जास्त आहे. दुकानात घालताना सैल बरा वाटला म्हणून ठेवला म्हणे. वेटसूट कोरड्यावर आरामशीर वाटला तर तो हमखास मोठा आहे, कारण पाण्यात गेल्यावर तो अजून थोडा सैलावतो.

मग पाण्यात. ती दहा मिनिटं पोहली, मी बाजूलाच होतो, आणि आतला सेन्सर दर दोन मिनिटांनी वाचला. सुरुवातीला १९ पर्यंत गेला, मग तिने हात मारायला सुरुवात केली की १७, थांबली की १९, पुन्हा हात मारले की १६.५. म्हणजे प्रत्येक हातासरशी गळ्यातून गार पाणी आत आणि कमरेतलं तापलेलं पाणी बाहेर, अक्षरशः पंप चालू होता. तिला विचारलं काय वाटतंय तर म्हणाली पाठीवरून कोणीतरी गार पाण्याची धार सोडतंय.

लगेच बाहेर काढलं, पूर्ण गरम होऊ दिलं, आणि तासाभराने मित्राचा ४/३ घातला, जो तिच्या अंगावर इतका घट्ट बसला की चढवायलाच बारा मिनिटं लागली. त्याच पाण्यात दहाव्या मिनिटाला आतला सेन्सर २६ वर, आणि हात मारले तरी २५ च्या खाली गेला नाही. एक मिलिमीटर पातळ सूट आणि आतलं पाणी आठ-नऊ अंश जास्त गरम. एकदाच मोजलंय, त्यामुळे मी यावर शिक्का मारत नाही, पण तिचा चेहरा बघूनच फरक कळत होता.

मला खरं सांगायचं तर राग आला, स्वतःचा नाही आणि तिचा तर नाहीच, पण "थंडी वाजते ना, मग अजून जाड घ्या" हा जो सल्ला सगळीकडून मिळतो त्याचा. जाड आणि सैल सूट घालून माणूस जास्त भरवशाने जास्त लांब जातो आणि मग तिथे हातपाय थांबतात.

२५ मार्च

वारा जोरात, पोहणं रद्द. ओला सूट घालून दहा मिनिटं नुसतं वाऱ्यात उभं राहून बघितलं. माझ्या ३/२ ला बाहेरून कापड आहे, ते पाणी धरून ठेवतं आणि वाऱ्याने सुकताना अंग गार करतं. मित्राच्या ४/३ ला छाती-पाठीवर गुळगुळीत रबर आहे, त्यावरून पाणी ओघळून जातं, वारा तितका झोंबत नाही. सर्फ किंवा पॅडल करणारे लोक अर्धा वेळ पाण्याच्या वर असतात, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. गुळगुळीत रबराला नख लागलं की फाटतं मात्र.

६ एप्रिल

आज फक्त शिवणी बघितल्या. सूट उलटा केला, एकेका पायात पाणी भरलं, वरून पिळा देऊन दाबलं आणि कुठून गळतंय ते बघितलं. शॉर्टीच्या शिवणीतून चाळणीसारखं पाणी आलं. ती फ्लॅटलॉक शिवण आहे, दोन्ही बाजूंनी आगगाडीच्या रुळांसारखी दिसणारी, अंगाला टोचत नाही पण सुई आरपार जाते आणि प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. १८ अंशांच्या वरच्या पाण्याला चालते, त्याखाली नको.

माझ्या ३/२ ची आणि मित्राच्या ४/३ ची शिवण ब्लाइंडस्टिच, म्हणजे आधी कडा डिंकाने चिकटवतात आणि मग सुई रबराच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवतात, आरपार नाही. त्यातून थेंबभरही आलं नाही. ४/३ ला आतून पट्टी पण चिकटवलीय. बहिणीच्या ५/४ ची शिवण चांगली निघाली, म्हणजे त्या बिचाऱ्या सूटचा काहीच दोष नाही, तो फक्त चुकीच्या माणसाच्या अंगावर आहे.

झिपचं पण हेच. पाठीवरची झिप घालायला सोपी पण मणक्यावरून पाणी शिरायला लांबच्या लांब वाट, आणि पाठ वाकताना झिप वाकत नाही. छातीवरची झिप छोटी असते, घालताना खांदे पिळवटून निघतात, पण मागून पाणी येत नाही. थंड पाण्यासाठी मी छातीवरचीच घेईन.

१३ एप्रिल

किती अंशांच्या पाण्याला कोणता सूट, त्या चार्टचा पहिला कच्चा आराखडा. हा वरवर पोहणाऱ्या, सारखं हलणाऱ्या, मापाचा सूट घातलेल्या माणसासाठी, अर्धा तास ते तासभर धरून.

२४ च्या वर काही नको, ऊन लागू नये म्हणून पातळ रॅश गार्ड, म्हणजे अंगाला चिकटणारा पोहण्याचा शर्ट, पुरे. २० ते २४ शॉर्टी किंवा पूर्ण हातापायाचा २ मिलिमीटर. १७ ते २० ला ३/२. १३ ते १७ ला ४/३, आणि खालच्या टोकाला पायात बूट. १० ते १३ ला ५/४, बूट, ग्लोव्ह्ज आणि हूड (डोकं-कान झाकणारी रबरी टोपी) तिन्ही. १० च्या खाली ६/५, हूड सूटलाच जोडलेला असेल तर उत्तम, आणि वेळ मिनिटांत मोजायचा. त्याच्याही खाली जास्त वेळ थांबायचं काम असेल तर ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊच न देणारा सूट, तो पूर्ण वेगळा विषय आहे आणि शिकल्याशिवाय घालायचा नाही.

आकडे लिहिले खरे पण लिहितानाच अस्वस्थ वाटलं. मार्चमध्ये मी ३/२ घालून १२.६ मध्ये अठरा-वीस मिनिटं ठीक काढलीच की, चार्टप्रमाणे ते दोन पायऱ्या चुकीचं. कारण मी सतत जोरात पोहत होतो. ढोबळ हिशोब मांडून बघितला: माणूस शांत बसला तर शरीर साधारण १०० वॅट उष्णता बनवतं, जोरात पोहताना त्याच्या कितीतरी पट. सूटमधून बाहेर जाणारी उष्णता जाडीच्या उलट्या प्रमाणात, म्हणजे ३ मिलिमीटरमधून १०० जात असेल तर ५ मधून ६०. हलणारा माणूस ती भरून काढतो, बोर्डवर बसून लाटेची वाट बघणारा नाही काढू शकत. त्यामुळे चार्टखाली एक ओळ टाकली: बसून राहणार असाल किंवा तब्येत बारीक असेल तर एक पायरी जाड, आणि मुलं असतील तर एक पायरी जाड शिवाय वेळ निम्मा.

२० एप्रिल (पाणी १३.३, हवा २५)

आज जे झालं ते लिहून ठेवणं भाग आहे. वर्षातला सगळ्यात फसवा काळ हाच, हवा छान तापलेली असते आणि पाणी अजून थंडीतच अडकलेलं, कारण पाणी हवेच्या मागे काही आठवडे रेंगाळतं. ग्रुपमध्ये नवीन आलेला एक मुलगा शॉर्टी घालून आला, त्याला इतकं गरम होत होतं की पूर्ण सूटची कल्पनाच नको. मी सांगेपर्यंत त्याने उडी मारली.

वर आला तो तोंड उघडं टाकून धापा टाकतच, डोळे मोठे, आणि चार हात पोहता येईना. काका शांतपणे ओरडले, पोहू नकोस, पाठीवर पड, फक्त तरंग. एक-दीड मिनिटात श्वास ताळ्यावर आला आणि तो स्वतःच काठाला आला. काकांना हे माहीत होतं म्हणून निभावलं.

याला कोल्ड शॉक म्हणतात आणि १५ अंशांखालच्या पाण्यात कोणालाही होऊ शकतो, कितीही चांगला पोहणारा असो. कातडीला अचानक गार लागलं की आपोआप मोठा श्वास घेतला जातो, तो पाण्याखाली घेतला गेला तर पाणी थेट छातीत. शिवाय हृदयाचे ठोके आणि ब्लड प्रेशर एकदम चढतं. कॅनडाचे गॉर्डन गिझब्रेक्ट यांनी रूढ केलेलं १-१०-१ लक्षात ठेवायला सोपं आहे: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची साधारण १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. हे बिनसूटच्या, बर्फासारख्या पाण्यात पडलेल्या माणसाचं आहे, पण क्रम सगळीकडे तोच. लोक हायपोथर्मियाला, म्हणजे अंगाचं तापमान घसरण्याला, घाबरतात आणि पहिल्या मिनिटाला विसरतात.

चार्टच्या सगळ्यात वर मोठ्या अक्षरात टाकलं: सूट हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून. आणि सूट असला तरी पाय, मग मनगटं, मग मान आणि चेहरा असं हळूहळू ओलं करत उतरायचं.

४ मे (पाणी १४.५)

हात, पाय, डोकं. काठावर आल्यावर अंगठा करंगळीला टेकवून बघायची सवय लावलीय. टेकत नसेल तर बोटांचे स्नायू गारठलेत, आता झिप ओढायला दुसऱ्याची मदत लागणार, म्हणजे आपण उशिरा बाहेर आलो. मला ग्लोव्ह्जशिवाय बाविसाव्या मिनिटाला टेकवता येईना. ३ मिलिमीटरचे ग्लोव्ह्ज घातल्यावर चाळीस मिनिटांनंतरही टेकलं.

ग्लोव्ह्जची मनगटं सूटच्या बाहीच्या आत घालायची, बुटाची वरची कड पायाच्या आत. उलटं केलं तर पोहताना बूट पाण्याने फुगतात, आज एकाचे तसेच फुगले आणि पाय ओढत ओढत आला.

हूडला लोक नाक मुरडतात, ऐकू कमी येतं म्हणून. पण वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा कानात गेला की कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फर्स इअर म्हणतात त्याला, आणि जास्त झालं तर ऑपरेशन करून कोरून काढावं लागतं. निदान इअरप्लग तरी घाला.

१ जून (पाणी वर १६.६)

काकांबरोबर डायव्हिंगचं बोलणं. मी त्यांना विचारलं, काका तुम्ही या पाण्यात ७ मिलिमीटर का घालता, चार्टप्रमाणे तर ४/३ पुरतो. त्यांनी निओप्रीनचा एक तुकडा दाखवला, जो ते कधीतरी खाली घेऊन गेले होते, आणि म्हणाले, तुझा चार्ट वर तरंगणाऱ्यांचा आहे रे.

दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर तो दुप्पट, म्हणजे रबरातल्या बुडबुड्यांचा आकार निम्मा, ३० मीटरवर चौपट दाब आणि बुडबुडे पावपट. ऊब बुडबुड्यांत असते, म्हणजे जितकं खोल तितका सूट पातळ आणि तितकंच पाणीही गार, दोन्ही बाजूंनी मार. वर ७ मिलिमीटर घातला तर खाली कुठे तीन-चारचा उरतो. शिवाय वर असताना तोच सूट इतका तरंगवतो की वजनाचा पट्टा जड करावा लागतो आणि खाली गेल्यावर ते वजन जास्त होतं, मग जॅकेटमध्ये हवा भरून सावरावं लागतं. डायव्हिंगच्या सूटचं रबर मुद्दाम घट्ट विणीचं, म्हणजे कमी दबणारं करतात, त्यामुळे ते कडक असतं. तो सूट घालून पोहायला गेलात तर खांदे भरून येतात. आणि पोहण्याचा मऊ सूट घालून खोल गेलात तर गारठता.

एका श्वासात बुडी मारणारे फ्रीडायव्हर तिसऱ्याच प्रकारचा घालतात, आतून कापड नसलेला ओपन सेल, तो कातडीला चिकटतो आणि पाणी जवळजवळ येऊच देत नाही, पण साबणाचं पाणी लावल्याशिवाय अंगावर चढत नाही आणि नखाने टरकन फाटतो.

चार्टचे दोन भाग करायचे ठरलं.

२९ जून (पाणी १९.४)

आता उलटा प्रश्न, गरम होण्याचा. ४/३ घालून जोरात पोहलो, वीस मिनिटांत डोकं तापलं, तोंड लाल, सेन्सर ३३. गळा ओढून मुद्दाम पाणी आत घेतलं तेव्हा बरं वाटलं. जाड सूट "असू दे, सेफ" म्हणून घालणं पण सेफ नाही.

बहिणीला स्पर्धेत पोहायचंय म्हणून नियम बघितले. पोहण्याच्या खेळाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अॅक्वाटिक्सच्या ओपन वॉटर (तलाव, समुद्र अशा उघड्या पाण्यातल्या पोहण्याच्या) नियमांत पाणी १८ च्या खाली असेल तर वेटसूट सक्तीचा, १८ ते २० मध्ये ऐच्छिक, आणि १६ च्या खाली किंवा ३१ च्या वर स्पर्धाच नाही. ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) सूट ५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, कारण जाड रबर तरंगवतं आणि वेग देतं. आणि इंग्लिश खाडी अधिकृतपणे पोहायची तर वेटसूट बंदच, साधा पोहण्याचा ड्रेस, टोपी, गॉगल आणि अंगाला ग्रीस. तिथलं पाणी पोहण्याच्या मोसमात १५ ते १८ च्या आसपास असतं. ते लोक महिनोन्महिने शरीराला थंडीची सवय करतात, ते वेगळंच तप आहे आणि माझा त्यांना नमस्कार. आपल्या स्पर्धेचा नियम मात्र दरवेळी आयोजकांकडूनच तपासायचा.

ट्रायथलॉनचा सूट हातात घेऊन बघितला, खांद्याला दीड-दोन मिलिमीटर, मांडी-पोटाला पाच. हात मोकळे आणि पाय वर तरंगावेत म्हणून. त्याच्यावरचा ५ बघून तो थंडीचा सूट समजू नये.

२० जुलै (पाणी २१.६)

शॉर्टी. मजा आली, लिहिण्यासारखं काही नाही.

१७ ऑगस्ट

काकांचा जुना ७ चा सूट व्हर्नियरने मोजला. छातीला ६.४, खांद्यांना आणि बसण्याच्या जागी ५ च्या आसपास, आणि तिथलं रबर दाबलं तर परत फुगतच नाही. म्हणजे बुडबुडे कायमचे चपटे झालेत. लेबलवर अजून ७ च लिहिलंय. जुना सूट घेणाऱ्यांनी लेबल वाचू नये, दाबून बघावं.

काळजी घ्यायची ती एवढीच: गोड्या पाण्याने आतूनबाहेरून धुणं, सावलीत उलटा करून वाळवणं, कमरेत दुमडून दांडीवर टाकणं (बारीक हँगरला खांद्यावर टांगला की तिथेच ताणून पातळ होतो), आणि उन्हात, बंद गाडीत न ठेवणं. माझ्या ३/२ ला नखाची चीर पडली होती, निओप्रीन सिमेंट दोन्ही कडांना पातळ लावलं, दहा मिनिटं सुकू दिलं, पुन्हा लावलं आणि मग दाबून धरलं. चिकटलं की कळतही नाही.

२१ सप्टेंबर

बहिणीसाठी नवीन सूट. आज सहा घालून बघितले, तीन तास गेले, दोघंही घामाघूम. पायाला प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा, रबर नखाने नाही बोटांच्या पेरांनी वर ओढायचं, आणि दोन पायांच्या मधला भाग पूर्ण वर आल्याशिवाय खांदे चढवायचेच नाहीत, नाहीतर सगळा सूट खाली ओढत राहतो आणि वाटतं साईज लहान आहे.

मग तपासणी. कमरेच्या खोलगट जागी चिमटीत काही येता कामा नये. बगलेत पोकळी नको. हात वर केले की मनगटाची बाही सरकू नये. खाली बसता आलं पाहिजे, पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, गळा घट्ट पण गिळताना अडकायला नको. तिसरा सूट बाकी सगळीकडे मस्त होता पण गळा असा दाबत होता की तिला पाच मिनिटांत गरगरायला लागलं, तो लगेच काढला. पाचव्याची कंबर सैल. सहावा पुरुषांचा लहान साईज होता, छातीत आवळला आणि कमरेत ढगळ.

चौथा बसला. ४/३, छातीवर झिप, बारीक आणि उंच माणसांच्या मापाचा, आतून छातीला लोकरीसारखं अस्तर. दुकानदार म्हणाला थंडीसाठी ५/४ घ्या, त्याच्याकडे तिच्या मापाचा ५/४ नव्हता. मी आणि ती एकमेकांकडे बघितलं आणि ४/३ घेतला.

१२ ऑक्टोबर (पाणी १६.७)

नवीन सूटची पहिली परीक्षा, पन्नास मिनिटं, सेन्सर २८-२९. काही तक्रार नाही. फक्त मानेला मागच्या बाजूला घासून लाल झालं, पुढच्या वेळी आधी मलम लावायचं, पेट्रोलियम जेलीवालं नको कारण त्याने रबर खराब होतं.

९ नोव्हेंबर (पाणी १२.७)

मार्चमध्ये होतं जवळपास तेवढंच पाणी. ढगाळ, वारा नाही. ४/३, ३ चे ग्लोव्ह्ज, ५ चे बूट, हूड. चार्टप्रमाणे ५/४ ची जागा आहे ही, पण ती सतत पोहणार होती, मी शेजारी, काका काठावर घड्याळ घेऊन, आणि आम्ही काठापासून तीस मीटरच्या पलीकडे जायचं नाही असं ठरलं होतं.

दहा मिनिटं, सेन्सर २५.५. अठरा मिनिटं झाली तेव्हा काकांनी हात वर केला, आम्ही आधीच ठरवलेली खूण. तिने मान हलवली आणि पुढे गेली. तिसाव्या मिनिटाला २४. चौतिसाव्याला ती म्हणाली दादा आता बोटांची टोकं गार लागतायत, बाहेर जाऊया. स्वतःहून, स्पष्ट शब्दात.

बाहेर आल्यावर लगेच सूट काढून कोरडं केलं, टोपी, मग वरचे कपडे, मग खालचे. बाहेर आल्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं अंग आतून गार होत राहतं, त्यामुळे लगेच कडक गरम पाण्याखाली उभं राहायचं नाही, आधी कोरडं, बसून, गुंडाळून. बाराव्या मिनिटाला ती थोडी थरथरली आणि विसाव्याला थांबली. अंगठा करंगळीला टेकला, दोन्ही हातांचा.

चार्टमध्ये १० ते १३ च्या ओळीत ५/४ तसाच ठेवलाय, शेजारी पेन्सिलने लिहिलंय: चिमटीत रबर येत असेल तर ही ओळ वाचू नका, आधी माप बदला. तिचा जुना ५/४ काकांच्या पुतण्याला बसला, अगदी कमरेपर्यंत, तो शनिवारी न्यायला येणार आहे. आतला सेन्सर त्यालाही लावणार आहे.